बत्तीस पानांत सासरे

माझ्या सासऱ्यांनी आत्मचरित्र लिहिलं, यात माझा काडीचाही दोष नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यानंतर जे काही झालं ते सगळं माझ्यामुळे झालं, असं आमच्या घरात अजूनही मानलं जातं. बायकोच्या माहेरी तर ते मानण्याचीही गरज उरलेली नाही. तिथे ते सर्वांना पाठच आहे.

सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांत जायचं, तराजू तपासायचा, दुकानदाराची वजनं सरकारी वजनाशी ताडून बघायची, आणि कमी भरलं की नोटीस हातात द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे राहायला आले आणि खिडकीजवळच्या टेबलावर काहीबाही लिहीत बसू लागले. आम्हाला वाटलं, वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत असतील. या वयात माणसं लिहितात. मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यांनी कागदांचा एक गठ्ठा आणून ठेवला. त्याच्या मागे मिठाची बाटली गेली ती जेवण संपेपर्यंत कुणाला दिसली नाही.

"चारशे पानं झाली," सासरे म्हणाले. "पेन्शनर संघ छापणार आहे. आमच्या जुन्या लोकांचा मेळावा आहे ना, त्यात प्रकाशन."

"अरे वा!" मी म्हणालो. दुसऱ्याच्या पुस्तकाचं कौतुक करायला आपलं काय जातं?

"फक्त सेक्रेटरी म्हणाले, दोन फर्म्यांत बसवा."

फर्मा म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि घडी घालून कापतात. त्या सोळा पानांचा एक फर्मा. संघ प्रत्येक सभासदाला दोन फर्मे देतो, मग तो सभासद खात्याचा संचालक असो की शिपाई. म्हणजे बत्तीस पानं. तेहेतिसावं पान निघालं की तिसरा फर्मा लागतो, आणि तिसरा फर्मा म्हटलं की सेक्रेटरी कार्यकारिणीची सभा बोलावतात, आणि कार्यकारिणीच्या सभेतून आजवर कुणीही काहीही घेऊन बाहेर आलेलं नाही.

"त्यात काय, बाबा?" माझी बायको म्हणाली. "हे देतील ना करून. ह्यांचं सगळं आयुष्य लोकांचे अर्ज वाचण्यात गेलंय."

मी पाणीपट्टीच्या कचेरीत हेडक्लार्क आहे. अर्ज वाचण्यात आयुष्य गेलं, हे तितकंसं खरं नाही, पण सासऱ्यांसमोर बायको आपली बाजू घेते असे प्रसंग संसारात फार येत नाहीत. मी मान जरा ताठ केली.

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो.

सासऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी लग्नाच्या दिवशीही पाहिली नव्हती. त्यांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"जावईबापू, हवं ते कापा. माझी कशालाच हरकत नाही. फक्त ती तराजूची गोष्ट तेवढी ठेवा. आमचे जुने लोक आता किती दिवस भेटणार आहेत? ती त्यांच्यापुढे यायलाच हवी. खरं सांगू का, त्या एका गोष्टीसाठीच बाकीचं सगळं लिहिलंय."

"कुठली तराजूची गोष्ट?" बायकोनं विचारलं.

"वाचतील तेव्हा कळेलच त्यांना," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी गठ्ठा उघडला. चारशे पानांत तराजू नाही असं पान शोधून सापडेना. धान्याचे तराजू, सोनाराचे तराजू, रद्दीवाल्याचा तराजू, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोणी, तराजूच्या दांडीत भरलेला पारा. सासऱ्यांचं लग्न ठरलं तोही प्रसंग एका तराजूपाशी घडला होता. यातली कुठली ती गोष्ट, हे मी त्याच दिवशी सरळ जाऊन विचारायला हवं होतं. पण संध्याकाळी त्यांनी "वाचलंत का?" म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून "हो हो, सगळं!" असं गेलं. एकदा सगळं वाचलं म्हटल्यावर कुठली गोष्ट हे कसं विचारणार? आपल्यालाही काही अब्रू आहे.

तर मी कामाला लागलो. पहिल्या पानाचा सारांश करायला बसलो, आणि उठलो तेव्हा त्याची अडीच पानं झाली होती.

बायकोनं ते वाचलं. "अहो, बाबांचं एक पान होतं. तुम्ही आणखी दीड पान कुठून आणलंत?"

याचं कारण आमची कचेरी. आमच्याकडे काहीही लहान होत नाही. अर्ज आत येतो तेव्हा अर्ध्या पानाचा असतो, आणि बाहेर जातो तेव्हा त्याला दोरी बांधावी लागते. पहिला कारकून लिहितो, "सदर अर्जाचे अवलोकन केले." दुसरा लिहितो, "सदर अवलोकनाचे अवलोकन केले." मी हेडक्लार्क असल्यामुळे दोघांचं पुन्हा पहिल्यापासून लिहून खाली "सहमत" म्हणतो. इतकी वर्षं या हातानं असंच लिहिलंय. त्यामुळे सासऱ्यांनी "माझा जन्म एका लहान गावात झाला" असं लिहिलं होतं तिथे मी "उपरोक्त लेखकाचा जन्म, त्यांच्याच म्हणण्यानुसार, लोकसंख्येच्या दृष्टीने मर्यादित अशा एका वस्तीत झाल्याचे दिसून येते" असं करून ठेवलं होतं.

"शिकायला जा कुठेतरी," बायको म्हणाली.

ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत एक निवृत्त मुख्याध्यापिका सारांशलेखनाचा वर्ग चालवायच्या. नोकरीच्या परीक्षा देणारी तरुण मुलं तिथे यायची. मी गेलो तेव्हा बाकं इतकी लहान होती की एकदा आत बसलो तो तास संपेपर्यंत तिथेच अडकून राहिलो. शिवाय मी उशिरा पोचलो होतो. फळ्यावर नियम लिहिलेले होते. पहिला नियम होता, "उतारा तीनदा वाचा." हा नियम बाईंनी या पोराटोरांसाठी लिहिला असणार, असं मी समजलो आणि दुसऱ्या नियमापासून उतरवून घेतलं.

त्या दिवशी उतारा मधमाश्यांवर होता. बाई म्हणाल्या, "उतारा झाका, आणि त्यातलं म्हणणं आपल्या शब्दांत लिहा." आपल्या शब्दांत म्हणजे त्यांचा एकही शब्द वापरायचा नाही, असा मी अर्थ घेतला. मधमाशी हा त्यांचा शब्द. तो मी "मध गोळा करणारा उडता कीटक" असा बदलला. पोळ्याचं "सदर कीटकांचे षट्कोनी खोल्यांचे सामूहिक निवासस्थान" केलं. राणीमाशीपाशी मात्र फार घाम फुटला, आणि शेवटी "सदर निवासस्थानातील सर्वोच्च पदाधिकारी" असं लिहून मी सुटका करून घेतली.

बाईंनी माझा कागद चष्मा वर करून वाचला, मग चष्मा खाली करून वाचला.

"हे तुम्ही आपल्या शब्दांत लिहिलंय?"

"हो, बाई."

"घरी असं बोलता तुम्ही?"

"नाही, बाई."

"मग हे कुणाचेच शब्द नाहीत. बसा." मी बसलेलोच होतो. बाकातून उठताच येत नव्हतं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं तो अख्खा उतारा दोन ओळींत लिहिला होता. बाईंनी तो वाचून दाखवला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहायला काय झालं होतं यांना?

पण मी हार मानणारा माणूस नाही. बाई म्हणाल्या होत्या, सराव करा, दिसेल त्याचा सारांश करा. मी घरीच सुरुवात केली. बायको बाथरूममधून बाहेर आली आणि बोलू लागली. टाकी अजून गळतेय, नळवाला सकाळी येतो म्हणाला आणि आला नाही, फोन केला तर त्याची बायको म्हणाली तो जेवतोय, शेजारच्या काकूंकडे मात्र तोच माणूस लगेच येतो, कारण त्यांचे मिस्टर स्वतः खाली उतरून त्याला घेऊन येतात, आणि आपल्याकडे सगळं मलाच बघावं लागतं, आणि या घरात कुणाला काही पडलेली नाही. मी डोळे मिटून ऐकलं. मुख्य मुद्दा पकडला.

"थोडक्यात," मी म्हणालो, "टाकी गळतेय."

"एवढं बोलले मी. आणि तुम्हाला टाकी ऐकू आली?"

त्या दिवशी मला चहा मिळाला, पण कप ठेवल्याचा आवाज शेजाऱ्यांनाही गेला असणार.

कचेरीत तर याहून वाईट झालं. साहेबांची मासिक सभा झाली. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे असतं. एरवी मी दहा पानं भरतो. या वेळी म्हटलं, होऊन जाऊ दे. मी लिहिलं, "साहेबांनी सर्वांना काम करण्यास सांगितले." आणि ते सगळ्यांना वाटून टाकलं.

साहेबांनी बोलावलं. "मी तासभर बोललो."

"हो, साहेब."

"त्या तासाभरात एवढंच होतं?"

इथे खोटं बोलायचं असतं. आयुष्यभर मी बोलत आलो. पण सारांशाचा नवा नाद लागला होता ना! "हो, साहेब," मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मला मागच्या आवारात बंद पडलेले पाण्याचे मीटर मोजायला बसवलं. मीटर पुष्कळ होते. शिवाय त्यांच्यात एक मांजर व्यालेली होती आणि तिला माझं तिथे बसणं अजिबात मान्य नव्हतं.

आवारातून थकून घरी आलो की सासरे विचारायचे, "कुठवर आलं?" आणि मी सांगायचो, "छान चाललंय." शेवटी वरच्या मजल्यावरच्या वकिलांना माझी दया आली. जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"चारशे पानं वाचताय? वेडे आहात का? आम्ही एवढाले निकाल वाचतो का कधी पूर्ण? प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य घ्या, शेवटचं घ्या. मधे नुसता भराव असतो."

मला अगदी हलकं वाटलं. बाईंनी जे इतक्या तासांत सांगितलं नाही ते वकिलांनी जिन्याच्या तीन पायऱ्यांत सांगितलं. मी पहिली वाक्यं आणि शेवटची वाक्यं वाचत सुटलो. पहिलं वाक्य रटाळ असलं की परिच्छेद बाद. रविवारी सकाळी बसलो आणि दुपारच्या झोपेच्या आत सासऱ्यांचं बालपण, शिक्षण आणि पहिली बदली मी संपवली.

आणि तेवढ्यात नातेवाइकांना बातमी लागली.

पहिले आले साडू. ते विमा कंपनीत आहेत, आणि सफरचंदं घेऊन आले. साडू फळं घेऊन आले की समजावं, फळांसारखंच गोड बोलून काहीतरी आपल्या गळ्यात मारणार आहेत. "मला काही हौस नाही हो पुस्तकात यायची," ते म्हणाले. "पण बाबांचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलात मी होतो. लोकांना कळायला नको? फार नाही, पान-दीडपान."

मग आत्यांचा फोन. सासऱ्यांची ही धाकटी बहीण. "मला मेलीला कोण विचारतंय!" अशी त्यांनी सुरुवात केली, आणि फोन ठेवेपर्यंत मी त्यांना दोन पानं कबूल करून बसलो होतो. मेहुण्यानं तर माझा त्रास वाचावा म्हणून स्वतःबद्दलचा मजकूर स्वतःच लिहून पाठवला, वर शीर्षक घालून, "आमचे सुपुत्र." सासऱ्यांनी त्याच्यावर मूळ लिहिलेल्या मजकुराचा हा सारांश होता, असं तो म्हणाला. मूळ मजकूर चार ओळींचा होता. पेन्शनर संघाचे सेक्रेटरी सहज म्हणाले की संघाच्या कार्याचा गौरव ज्या पुस्तकांत असतो ती पुस्तकं का कोण जाणे पण लवकर छापून होतात. छापखानेवाले म्हणाले, शेवटच्या पानावर एक चौकट आमचीही असते.

"मी काही म्हणत नाही बाई," माझी बायको म्हणाली. "मला कुठे मिरवायचंय? माझा जन्म तेवढा असू द्या. आणि मी शाळेत पहिली आले होते ते."

आता एवढं सगळं बत्तीस पानांत घालायचं म्हटल्यावर काहीतरी बाहेर जाणार. मी कुणाला दुखवणारा माणूस नाही. साडू रोज फोन करायचे, आत्या दिवसातून दोनदा. सासरे मात्र बिचारे एका शब्दानं तगादा लावत नव्हते. मग जागा कुणाची जाणार? जो ओरडत नाही त्याची. तराजूच्या गोष्टीचं मी विसरलो नव्हतो हं. ती कुठली ते ठाऊक नव्हतं, म्हणून मी डोकं चालवलं. सगळ्याच तराजूच्या गोष्टींतलं थोडं थोडं घ्यायचं! म्हणजे जी कुठली ती असेल, ती त्यात येणारच. आधी प्रत्येक गोष्टीचा एक परिच्छेद केला. मग आत्यांची दोन पानं अडीच झाली, तेव्हा परिच्छेदाचं एक वाक्य केलं. मग मेहुण्यानं स्वतःचा फोटो पाठवला. सरतेशेवटी सासऱ्यांची तीस-पस्तीस वर्षांची नोकरी एकोणिसाव्या पानावर तळाशी अशी बसली: "दुकाने तपासली. तराजू तपासले. काही बरोबर होते, काही नव्हते."

खरं सांगतो, त्या तीन वाक्यांचा मला अभिमान वाटला होता. बाईंना दाखवावीत असंही मनात आलं. कुठे ती मधमाशी, आणि कुठे हे!

बाईंना दाखवण्याचा योग आलाच, पण निराळ्या कारणानं. सेक्रेटरींनी सांगितलं, संक्षेप केलेल्या पुस्तकाला प्रमाणपत्र लागतं. "सदर संक्षेप मूळ लेखनाशी प्रामाणिक आहे", आणि खाली दोन्ही वाचलेल्या जबाबदार व्यक्तीची सही. दोन्ही वाचलेली व्यक्ती! अहो, मूळ लेखन वाचलेली व्यक्ती लेखक सोडून जगात कुणी नव्हती. मी बाईंकडे गेलो, प्रमाणपत्र पुढे केलं, पेनाचं टोपणही काढून दिलं.

"मूळ कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"घरी आहे, बाई. जड आहे जरा."

"घेऊन या. तीनदा वाचते, मग सही करते."

मी पेनाला टोपण लावलं आणि जिना उतरलो. मग आमच्या इमारतीतला जिना चढलो आणि वकिलांकडे गेलो. वकिलांनी पुढचं-मागचं न बघता सही ठोकली. फक्त एवढंच म्हणाले की, तुमच्या सासऱ्यांना लिफ्ट बंद असताना मी एकदा हात धरून वर आणलं होतं, ते कुठे आलंय का? आलं. बाविसाव्या पानावर.

"मला एकदा बघायला मिळेल का?" छापायला जायच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं.

"छापून आल्यावरच बघा, बाबा. सरप्राइज!" मी म्हणालो.

ते हसले. "तराजूची गोष्ट आहे ना?"

"आहे म्हणजे काय! सगळ्याच आहेत!"

मेळावा दुपारी होता. एका क्रीडामंडळाचा हॉल घेतला होता. भिंतीला टेबल टेनिसची टेबलं उभी करून ठेवलेली, आणि मधे खुर्च्या. सासऱ्यांनी कोट घातला होता आणि सकाळपासून तीनदा रुमाल बदलला होता. त्यांचे जुने सहकारी आले. कुणी काठी घेऊन, कुणी सुनेचा हात धरून, कुणाच्या कानात यंत्र. सासरे प्रत्येकाला म्हणत होते, "थांबायचं हं शेवटपर्यंत. तुम्हाला काही वाचून दाखवायचंय." आमचे नातेवाईक पहिल्या रांगेत बसले होते.

पुस्तकं छापखान्यातून थेट हॉलवर आली. वाटप झालं आणि हॉलमध्ये पानांचा आवाज सुरू झाला. साडूंना त्यांचं पान सापडलं, त्यांनी ते बायकोला दाखवलं. आत्यांनी त्यांचं पान सुनेकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मेहुण्यानं आपल्या फोटोचा फोटो काढला. सगळे खूश. मी दारापाशी हात बांधून उभा होतो, कुणीतरी येऊन हस्तांदोलन करील म्हणून.

व्यासपीठावर सासरे पुस्तक चाळत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"जावईबापू, कुठल्या पानावर आहे?"

"काय, बाबा?"

"तराजूची गोष्ट."

मी एकोणिसावं पान काढून दिलं. तळाशी बोट ठेवलं. त्यांनी ती तीन वाक्यं वाचली. मग पुन्हा वाचली, ओठ हलवत, जणू त्यात आणखी काही लपलेलं असेल.

"हीच का?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "अहो, यात सगळे आहेत. तो लिफ्टवाला वकीलसुद्धा आहे. मीच तेवढा कुठे दिसत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीटरांच्या आवारात त्या मांजरीपाशी जाऊन बसावंसं वाटलं. त्यांनी माझ्या दंडावर थोपटल्यासारखं केलं, पुस्तक मिटून टेबलावर उपडं ठेवलं, आणि माइक स्वतःकडे ओढला.

"पुस्तक घरी नेऊन वाचा," ते म्हणाले. "मला जे सांगायचं होतं ते त्यात बसलं नाही. मी तोंडी सांगतो. त्या वर्षी आमच्या कचेरीला रंग दिला."

मला ते वाक्य ओळखीचं वाटलं. मीच ते वाचलं होतं आणि मीच त्यावर काट मारली होती. कचेरीला रंग दिला यात कुणाला काय रस असणार?

रंगारी भला माणूस होता, सासरे सांगू लागले. कपाटं रंगवली, खिडक्या रंगवल्या, आणि उरलेल्या रंगात, काही राहायला नको म्हणून, कपाटातलं सरकारी वजनही रंगवून टाकलं. ज्या वजनाशी गावभरची वजनं ताडून बघायची, तेच. रंगाचं असं वजन ते किती असणार? पण तेवढ्यानं ते जड झालं, आणि त्या मोसमात जे दुकान तपासावं तिथलं खरं वजन कमी भरू लागलं. सासऱ्यांनी नोटिशीवर नोटिसा दिल्या. वरिष्ठांनी पाठ थोपटली. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या तोलून विकणारी एक बाई होती. तिला सगळे खिळेवाली म्हणत. ती गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, "साहेब, माझं वजन खोटं नाही." सासरे म्हणाले, "बाई, सरकारचं वजन खोटं असतं का?" तिच्या दारावर नोटीस चिकटवली. पुढे एकदा वजन हातातून पडलं, रंगाचा टवका उडाला, आणि खाली पिवळं पितळ दिसलं. वरिष्ठ म्हणाले, खरवडून टाका आणि गप्प बसा. सासरे गप्प बसले नाहीत. एकेका दुकानात जाऊन ते चारचौघांत सांगत सुटले की, तुम्ही खरे होतात. पण खिळेवालीच्या दुकानापाशी गेले तर फळ्या लावलेल्या. दुकान बंद करून ती कुठे गेली, शेजारच्यांनाही माहीत नव्हतं.

इथवर येईस्तोवर पहिली रांग चुळबुळायला लागली होती. साडूंना कुठेतरी जायचं होतं. आत्यांचे गुडघे दुखत होते. आपापलं पान हातात धरून, खाली वाकून, सगळे एकेक करून निघाले. वकील जाताना मला म्हणाले, "भराव जरा जास्त होतोय." माझी बायको मात्र जागची हलली नाही. तिनं तोंडाला पदर लावला होता. मागचे म्हातारे खुर्च्या ओढून पुढे आले, कानांतली यंत्रं फिरवत. त्यातल्या दोघांनी त्या वर्षी त्याच वजनानं नोटिसा दिल्या होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं.

हॉलचे रखवालदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत आत आले. त्यांच्यामागे टेबल टेनिस खेळायला आलेले चार-पाच जण, बॅटी घेऊन. रखवालदार माझ्या कानाशी आले.

"साहेब, वेळ संपली. किती राहिलंय अजून?"

व्यासपीठावर सासरे सांगत होते, बदली झाली त्या त्या गावात ते आधी खिळ्यांची दुकानं शोधायचे. "एका ठिकाणी कुणीतरी सांगितलं," ते म्हणाले, "नदीपलीकडे अशी एक बाई आहे म्हणून. मी होडीत बसलो."

रखवालदारांचा जुडगा वाजायचा थांबला. "कोण बाई?"

मी त्यांना रंगारी, वजन, नोटीस, सगळं भरभर सांगितलं. बॅटीवाले जवळ सरकून ऐकू लागले. बाईंच्या वर्गात मला जे एकदाही जमलं नाही ते त्या वेळी आपोआप जमत होतं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं.

"मग सापडली का ती?" रखवालदारांनी विचारलं.

मी व्यासपीठाकडे बोट दाखवलं.

त्यांनी किल्ल्या खुळखुळवत खुर्चीवरचं पुस्तक उचललं आणि मुखपृष्ठ माझ्यासमोर धरलं. "इथे संक्षेप म्हणून तुमचंच नाव आहे ना? मघाशी दारापाशी सांगत होतात सगळ्यांना."

"आहे."

"मग सांगा की. ती नदीपलीकडची बाई तीच होती का?"

"मला माहीत नाही हो," मी म्हणालो. "जरा सरका, मला बसू द्या. आणि त्या किल्ल्या खिशात घाला, ऐकू येत नाहीये."